जुन्या गाण्यांतील हवाईन गिटारचे तुकडे आणि तिची जुळवणी ध्वनिमुद्रणावरून कशी ओळखावी?

पाचोरेकर

सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांची हवाईन गिटार (मांडीवर आडवी ठेवून, तारांवर बार म्हणजे धातूची दांडी सरकवत वाजवायची ती) अनेक वर्षे घरात खोळीतच पडून होती. दोन वर्षांपूर्वी तारा बदलून मी ती वाजवायला घेतली. वडील पूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका वाद्यवृंदात, लग्नसमारंभांत आणि गणेशोत्सवात ती वाजवत असत. आता त्यांचा उजवा हात चालत नाही, परंतु कान पूर्वीइतकेच तयार आहेत आणि मी चुकलो की ते खाटेवरूनच मान हलवतात. त्यांनी मला शिकवलेली जुळवणी, म्हणजे कोणती तार कोणत्या सुराला लावायची ते, हार्मोनियमच्या पट्ट्यांच्या नावांनी सांगायचे तर अशी आहे: पहिली म्हणजे सर्वांत बारीक तार पांढरी तीन, दुसरी काळी एक, तिसरी पांढरी सहा, आणि पुढच्या तीन तारांवर हेच तीन सूर खालच्या सप्तकात. पांढरी सहा हा षड्ज धरला तर पहिल्या तारेपासून प, ग, सा, प, ग, सा असे सूर येतात. तिला ए मेजर म्हणतात, हे मला नंतर कळले.

साठच्या दशकातल्या एका हिंदी चित्रपटगीतात मुखडा आणि पहिला अंतरा यांच्यामध्ये गिटारचा सुमारे बारा सेकंदांचा तुकडा आहे. गाण्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला त्या एका गाण्याचे तयार उत्तर नको आहे. कोणतेही गाणे समोर आले तरी उपयोगी पडेल अशी रीत शिकायची आहे. हे गाणे मी चित्रपटाच्या जुन्या डिस्कवरून संगणकावर उतरवून घेतले. पट्टी शोधायला तानपुऱ्याचे ॲप लावले, तर षड्ज काळी चारच्या किंचित खाली लागतो. ना धड काळी चार, ना पांढरी पाच. तरीही मी कानाने सूर लावून घेतले. एका सुराने चालणारा भाग जमतो, पण जिथे दोन सूर एकत्र वाजतात तिथे वरचा सूर मिळाला की खालचा निसटतो. एका जागी खालचा सूर जागच्या जागी राहतो आणि वरचा मात्र सरकून पुढे जातो, हे कसे केले असेल ते मला समजत नाही. तुकड्याच्या शेवटी चार तारांवरून नखी फिरवून एक गोड झंकार घेतला आहे. तो माझ्या गिटारवर कितीही जागा बदलल्या तरी तसा वाजत नाही. काहीतरी कोरडे राहते.

माझी जुळवणीच वेगळी आहे का? असल्यास केवळ ऐकून मूळ जुळवणी कशी ठरवावी? जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

जंक्शनवाले आबा (भुसावळ)

पाचोरेकर भाऊ, वडिलांना माझा नमस्कार सांगा. जुळवणीच्या शोधाला लागण्यापूर्वी तुम्ही ऐकत असलेले गाणे खऱ्या वेगाने चालते आहे की नाही, ते आधी पाहा. तुमच्या वर्णनावरून ते खऱ्या वेगाने चालत नसावे, असा माझा दाट संशय आहे.

चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने घेतला जातो. आपल्याकडची दूरचित्रवाणीची पद्धत २५ चित्रांची. पूर्वी चित्रपट व्हिडिओवर आणताना बरेचदा तो २५ च्या वेगानेच पळवला जाई, आणि त्याबरोबर आवाजही सुमारे चार टक्के वेगाने धावे. वेग वाढला की सूर चढतो. एक अर्धा सूर म्हणजे १०० सेंट. या हिशेबाने २४ चे २५ झाले की सूर सुमारे ७१ सेंट चढतो, म्हणजे अर्ध्या सुराला थोडा कमी. तुमचा षड्ज काळी चारच्या किंचित खाली लागतो असे तुम्ही लिहिले आहे. पांढरी पाच ७१ सेंट चढवली की ती नेमकी तिथे येऊन थांबते. माझ्या मते मूळ गाणे पांढरी पाचमध्ये आहे.

हे पडताळून पाहणे अवघड नाही. त्याच गाण्याची ध्वनिमुद्रिकेवरून घेतलेली प्रत मिळवा आणि दोन्हींची लांबी मोजा. ध्वनिमुद्रिकेवर गाणे २०० सेकंदांचे असेल आणि चित्रपटाच्या प्रतीत तेच १९२ सेकंदांत संपत असेल, तर प्रश्न मिटला. मात्र चित्रपटात एखादे कडवे कापलेले असते, म्हणून पूर्ण गाणे न मोजता एकाच अंतऱ्याच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोजावे. दुसरी खूण विजेची. आपल्या विजेची आवर्तने सेकंदाला ५० असतात आणि जुन्या ध्वनिमुद्रणात तिची बारीक गुणगुण पुष्कळदा शिरलेली असते. संगणकावर शांत जागेचा आलेख काढला आणि ती गुणगुण ५० ऐवजी ५२ वर दिसली, तर गाणे चार टक्के पळते आहे असे समजावे. ही खूण धरताना एवढे लक्षात ठेवा की गुणगुण मूळ मुद्रणातलीच हवी. नंतर कोणी प्रत करताना शिरलेली असेल तर ती फसवते.

ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनिसंपादनाच्या प्रणालीत वेग आणि सूर एकत्र बदलण्याची जी सोय आहे, तिच्यात उणे चार टक्के घाला. केवळ वेग बदलणारी आणि सूर तसाच ठेवणारी सोय इथे वापरू नका. ती पुढे तुकडा हळू करून ऐकताना कामी येईल.

ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीतही बेसावध राहू नये. ७८ फेऱ्यांची तबकडी ८० फेऱ्यांनी फिरली तर सूर सुमारे ४४ सेंट चढतो, आणि कॅसेटचे तर सांगायलाच नको, कारण सेल उतरू लागले की गाणेही उतरू लागते. मी रेल्वेत नोकरीला असताना एका दुकानातून भरून आणलेल्या कॅसेटवरून उन्हाळाभर एक धून बसवली होती. कॅसेट अर्ध्या सुराने उतरलेली होती, हे मला कळले नव्हते. मूळ वादकाने मोकळ्या तारेवर, म्हणजे बार न लावता, घेतलेले सूर मी बार दाबून घेत होतो आणि त्या सुरांत ती चकाकी का येत नाही म्हणून रोज तारा पुसत होतो. खरी पट्टी सापडली त्या दिवशी तो तुकडा अर्ध्या तासात बसला.

आपल्या भागापुरती आणखी एक सूचना. चैत्र-वैशाखात दुपारी तारा तापून सैल पडतात. सकाळी जुळवलेली गिटार दुपारी तशीच गृहीत धरून गाण्याशी ताडून पाहू नका. दर वेळी आधी तारा मिळवून घ्या.

धुळ्याची संगीतशिक्षिका

आबांनी सांगितले आहे तसे आधी वेग सुधारा, कारण पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे. जुळवणी कशी ओळखावी याविषयी मी लिहिते. गेली काही वर्षे मी हे काम वहीत नोंदी करून करते आहे.

या वाद्यात बार ही एक सरळ दांडी आहे, आणि आपला सर्व शोध या एका गोष्टीवर उभा राहतो. साध्या गिटारवर चार बोटे चार वेगवेगळ्या जागी दाबता येतात. इथे बार सरळ धरला की तो सर्व तारांवर एकाच फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरच्या अर्ध्या-अर्ध्या सुराच्या आडव्या खुणांपैकी एकाच खुणेवर, असतो. त्यामुळे दोन किंवा अधिक सूर एकत्र वाजून एकत्रच सरकत असतील आणि सरकताना त्यांच्यातले अंतर बदलत नसेल, तर ते अंतर वादकाने त्या क्षणी घडवलेले नाही. ते त्याच्या तारांमध्ये आधीपासूनच होते. ध्वनिमुद्रणातला असा प्रत्येक जोडसूर म्हणजे जुळवणीचा एक पुरावा असतो.

म्हणून तुमच्या तुकड्याच्या शेवटचा झंकार सर्वांत मोलाचा आहे. तो कोणत्या फ्रेटवर घेतला असेल याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. वेग निम्मा करा, झंकाराचे चार सूर खालून वर एकेक करून गळ्याने म्हणा, आणि पांढरी पाच षड्ज धरून ते वहीत लिहा. तुमच्या ए मेजर जुळवणीत सरळ बाराखाली सा, ग आणि प यांखेरीज चौथा सूर येऊच शकत नाही. झंकारात धैवत सापडला आणि तो इतर सुरांबरोबर सरकत आला असेल, तर मूळ वादकाची जुळवणी ए मेजर नव्हती हे तिथेच सिद्ध होते. तुम्ही ज्याला कोरडेपणा म्हणता, तो या धैवताच्या अभावाचा असावा असे मला वाटते. सी सिक्स्थ नावाची एक फार प्रचलित जुळवणी आहे: पहिल्या तारेपासून पांढरी तीन, पांढरी एक, पांढरी सहा, पांढरी पाच, पांढरी तीन, पांढरी एक. पांढरी एक षड्ज मानला तर ग, सा, ध, प, ग, सा. तिच्यात ध आणि प शेजारच्याच तारांवर असल्यामुळे झंकारात ओलावा येतो.

पुष्कळ जण इथे एक चूक करतात. गाण्यात स्वरसप्तकाच्या अनुरोधाने तृतीयांतराच्या जोड्या, म्हणजे सा-ग, रे-म, ग-प अशा जोड्या ऐकू आल्या की ते लगेच सी सिक्स्थचा निष्कर्ष काढतात. परंतु या जोड्या दोन्ही जुळवण्यांत निघतात. ए मेजरमध्ये पहिल्या-दुसऱ्या तारेत तीन अर्ध्या सुरांचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या तारेत चार अर्ध्या सुरांचे अंतर आहे. सी सिक्स्थमध्ये हे नेमके उलटे आहे. त्यामुळे जोड्या मोजून काही ठरत नाही. सा-ग ही चार अर्ध्या सुरांची जोडी बारीक तारांच्या धारदार आवाजात येते की किंचित जाड तारांच्या गोल आवाजात, हे ऐकावे लागते. पहिली शक्यता सी सिक्स्थकडे नेते, दुसरी ए मेजरकडे. हा भेद सूक्ष्म आहे आणि चांगले हेडफोन नसतील तर त्यावर भिस्त ठेवू नये.

झंकारावरून जुळवणीचा आकार कळतो, परंतु ती प्रत्यक्षात कोणत्या सुरावर लावली होती हे कळत नाही, कारण तोच आकार दोन फ्रेट वर किंवा खाली लावला तरी झंकार तसाच येईल. ते कळते मोकळ्या तारांवरून. बाराखालचा लांब सूर वादक हाताच्या आंदोलनाने हलवतो. मोकळ्या तारेवर बार नसतो, म्हणून ती हलत नाही, आणि तिच्यावर खालून घसरत येताही येत नाही. तो सूर एकदम लागतो आणि काचेसारखा स्थिर राहतो. सगळीकडे डोलणाऱ्या सुरांमध्ये असा न डोलणारा लांब सूर सापडला की तो टिपून ठेवा. फार छोटे सूर यातून वगळा, कारण त्यांना डोलायला वेळच मिळत नाही. कुठे बाराव्या फ्रेटवर तारेला हलकेच स्पर्श करून काढलेली घंटीसारखी हार्मोनिक असतील तर आणखी उत्तम. ती मोकळ्या तारांचेच सूर एक सप्तक वर सांगतात.

राहिला प्रश्न एक सूर स्थिर आणि दुसरा सरकणारा, या जागेचा. पायाने सूर बदलणारी पेडल स्टील गिटार असती तर हे सहज झाले असते, आणि अमेरिकेतल्या कंट्री संगीतात ते सर्रास ऐकू येते. साध्या हवाईन गिटारवर बार तिरपा करून ते साधतात: एका तारेवर बार होता तिथेच राहतो आणि दुसरीवर त्याचे टोक एक फ्रेट पुढे जाते. बाराच्या मागची तार बोटाने ओढूनही ते करता येते. तुमच्या तुकड्यात मी आधी तिरपा बार गृहीत धरीन. खूण अशी की बार वळताना स्थिर म्हणवणारा सूरही क्षणभर किंचित डळमळतो.

पाचोरेकर

आबा आणि ताई, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. चार दिवस संध्याकाळी दुकान बंद केल्यावर हेच काम केले.

ध्वनिमुद्रिकेची प्रत मिळाली. पहिला अंतरा त्या प्रतीत ५० सेकंदांचा आहे आणि माझ्या प्रतीत तोच ४८ सेकंदांचा. उणे चार टक्के केल्यावर षड्ज पांढरी पाचवर तंतोतंत आला. इतके दिवस मी चुकीच्या पट्टीतच धडपडत होतो.

झंकाराचे सूर लिहून काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या. खालून वर प, ध, सा, ग असे येतात. दुसरा सूर आधी मी प चा घुमारा समजत होतो. हार्मोनियमवर प आणि ध एकत्र दाबून ऐकले तेव्हा खात्री पटली. चारही सूर अर्धा सूर खालून एकत्र घसरत वर येतात, त्यामुळे ते एकाच सरळ बाराखाली होते याविषयी मला शंका राहिलेली नाही.

न डोलणारे लांब सूर दोन सापडले, सा आणि रे. म्हणजे पांढरी पाच आणि पांढरी सहा, दोन्ही मधल्या उंचीचे. माझ्या जुळवणीत त्या उंचीची पांढरी सहा तिसऱ्या तारेवर मोकळी आहे, पण पांढरी पाच कोणत्याच तारेवर मोकळी नाही. ताईंनी दिलेल्या सी सिक्स्थमध्ये मात्र चौथी तार पांढरी पाच आणि तिसरी पांढरी सहा, म्हणजे दोन्ही मोकळ्या. झंकारही त्याच जुळवणीत सातव्या फ्रेटवर पहिल्या चार तारांवर येतो, असे मी कागदावर मांडून पाहिले. हे बरोबर आहे का? बरोबर असेल तर आजच रात्री तारा चढवून पाहतो.

गिरणाकाठ

पाचोरेकर, तुमचे गणित बरोबर आहे आणि इतक्या चिकाटीने तुम्ही ते केलेत याचा आनंद वाटला. तरीही जुळवणीच्या शोधाला आपण सर्वांनी दिलेले महत्त्व मला थोडे जास्त वाटते, म्हणून माझे मत मांडतो.

हे वाद्य हवाई बेटांवरचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे त्याला रूप देणाऱ्यांत जोसेफ केकुकू यांचे नाव घेतले जाते. १९४० च्या दशकात ताऊ मो हे हवाईन वादक काही वर्षे कोलकात्यात राहिले आणि तिथे हे वाद्य रुजायला त्यांचा मोठा हातभार लागला. पण आपल्याकडे आल्यावर वाद्याचा स्वभावच पालटला. तिकडे जोडसुरांना आणि झंकारांना महत्त्व. आपल्याकडे ते गाऊ लागले. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांनी वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या धुना ऐका. बहुतेक भर एका तारेवरच्या गायकीवर आहे. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात अशा धुना लागत, तेव्हा गाण्याचे शब्द आपोआप मनात उमटत असत. ब्रिजभूषण काब्रा यांनी तर याच वाद्यावर रागसंगीत उभे केले, आणि १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांनी वाजवलेली ध्वनिमुद्रिका आजही घरोघरी ऐकली जाते. अशा वादनात वादकाची जुळवणी कोणती होती यापेक्षा त्याने कोणता सूर कोणत्या तारेवर घेतला हे शोधणे अधिक फलदायी असते.

एकच सूर अनेक जागी मिळतो. सी सिक्स्थमध्ये पहिल्या तारेच्या सातव्या फ्रेटवर येणारी पांढरी सात दुसऱ्या तारेच्या अकराव्या आणि तिसऱ्या तारेच्या चौदाव्या फ्रेटवरही येते. पहिल्या तारेवर ती धारदार आणि लांबणारी असते, तर तिसरीवर गोल आणि लवकर विरणारी. वादकाने कोणती तार निवडली हे मींडेवरून, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्यावरून, कळते. पहिली तार मोकळी असताना पांढरी तीन देते, म्हणून त्या तारेवर मींड त्या सुराच्या खाली जाऊच शकत नाही. एखादी अखंड मींड त्याच्या खालून निघून वर पांढरी सातपर्यंत गेली, तर ती दुसऱ्या, तिसऱ्या किंवा त्याखालच्या तारेवरचीच असली पाहिजे. प्रत्येक मींडेचा सर्वांत खालचा सूर आणि ती कुठे तुटते ती जागा वहीत लिहा. मी स्वतः एका धूनीतल्या सर्व मींडा अशा लिहून काढल्या तेव्हा लक्षात आले की मी जिथे तार बदलत होतो, तिथे वादकाने श्वास न तोडता एकाच तारेवर अख्खी ओळ गायली होती. जुळवणी मला आधीपासून ठाऊक होती. पण तेवढ्याने धून हातात आली नव्हती.

धुळ्याची संगीतशिक्षिका

गिरणाकाठ दादांचे म्हणणे एकसुरी धुनांच्या बाबतीत मला पूर्णपणे मान्य आहे, आणि मींडेचा खालचा सूर टिपण्याची त्यांची रीत मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगेन. परंतु वाद्यवृंदातल्या मधल्या तुकड्यांत जिथे झंकार आणि जोडसूर आहेत, तिथे जुळवणी सापडल्याशिवाय हात पुढे चालत नाही. प्रस्तुत तुकडा दुसऱ्या प्रकारचा आहे.

पाचोरेकर, तुमचे उत्तर बरोबर आहे, पण आज रात्री तारा चढवू नका, ही कळकळीची विनंती. ए मेजरवरून सी सिक्स्थवर जाताना पहिली आणि तिसरी तार तशीच राहते, दुसरी अर्धा सूर उतरते. परंतु चौथी, पाचवी आणि सहावी या तिन्ही तारा प्रत्येकी तीन अर्धे सूर चढवाव्या लागतात. तेवढे चढवताना त्या तारेवरचा ताण सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. एका परिचितांच्या जुन्या लाकडी गिटारवर मी असे केले होते. रात्री काही झाले नाही; सकाळी पाहिले तर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) मागच्या बाजूने नखभर उचलली गेली होती आणि खालचे लाकूड तिच्याबरोबर सोलून आले होते. ती भरून निघाली नाही. वडिलांची गिटार आहे, म्हणून आधीच सांगते.

कायमची सी सिक्स्थ लावायची असेल तर चौथी, पाचवी आणि सहावी या तारा बारीक जाडीच्या घ्या आणि मगच लावा. तोपर्यंत पडताळा घेण्यासाठी एक सुरक्षित मार्ग आहे. हाच आकार तीन अर्धे सूर खाली लावला तर पहिल्या तारेपासून काळी एक, पांढरी सहा, काळी तीन, पांढरी तीन, काळी एक, पांढरी सहा असे सूर येतात. तुमच्या सध्याच्या जुळवणीशी ताडून पाहा: खालच्या तिन्ही तारा जशाच्या तशा राहतात, फक्त वरच्या तिन्ही उतरवायच्या आहेत. कोणतीच तार चढवावी लागत नाही. तारा थोड्या ढिल्या लागतील, आवाजात तितकी चकाकी येणार नाही, आणि मोकळा सा मिळणार नाही. पण झंकार आणि जोडसूर दहाव्या फ्रेटवर जसेच्या तसे वाजले पाहिजेत. वाजले तर आकार बरोबर.

जंक्शनवाले आबा (भुसावळ)

ताईंनी वेळेवर सावध केले. तारा घेताना दुकानदाराला फक्त हवाईन गिटारचा संच मागू नका. तो बहुधा तुमच्या जुन्या जुळवणीचाच देईल. कोणती तार कोणत्या सुराला लावायची आहे ते कागदावर लिहून न्या आणि सुट्या तारा निवडा.

पाचोरेकर

ताई, तुमचा निरोप वेळेत वाचला, नाहीतर चावी हातातच होती. वरच्या तीन तारा उतरवल्या आणि दहाव्या फ्रेटवर बार ठेवून चार तारांवरून नखी फिरवली. वडील खाटेवर कुशीवर वळून झोपले होते, ते सरळ झाले. मी पुन्हा वाजवले तेव्हा त्यांनी मान हलवली नाही.

ती एक सूर स्थिर राहण्याची जागा मात्र मला जमेना. सूर लिहून काढले होते: खाली ध आणि वर ग, मग ध तसाच आणि ग चा म. पहिल्या आणि तिसऱ्या तारेवर दहाव्या फ्रेटवर ग आणि ध मिळतात, पण बार तिरपा केला की माझ्या हातून दोन्ही सूर निसटत होते. वडिलांनी डावा हात पुढे करून बार मागितला. त्यांच्या पाठीला उशी लावली, गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली आणि उजव्या बाजूला बसून मी तारा छेडल्या. त्यांनी बार सरळ धरला, सूर लागू दिला, आणि मग मनगट न हलवता अंगठ्याने बाराचे मागचे टोक जरासे आपल्याकडे ओढून घेतले. पुढचे टोक पहिल्या तारेवर अकराव्या फ्रेटवर गेले, तिसऱ्या तारेवर बार दहाव्यावरच राहिला. ताईंनी लिहिले होते तसा खालचा ध क्षणभर डळमळला आणि स्थिर झाला. मी आजवर सगळा बार मनगटातून फिरवत होतो, म्हणून खालचाही सूर सरकत होता.

त्या संध्याकाळी आम्ही तो तुकडा तसाच दोघांनी मिळून वाजवला. बार त्यांचा, नखी माझी. त्यांनी ही जुळवणी पूर्वी कधी वापरली होती का, असे विचारले, तर म्हणाले की वाद्यवृंदात एकच गिटार होती आणि दोन गाण्यांच्या मध्ये तारा बदलायला वेळ मिळत नसे, म्हणून सगळे ए मेजरवरच निभावून न्यायचे. हा झंकार आपल्याला येत नाही हे त्यांना तेव्हाही जाणवत असे.

पुढच्या आठवड्यात जळगावला जाणार आहे. आबांनी सांगितल्याप्रमाणे कागद लिहून ठेवला आहे: चौथी पांढरी पाच, पाचवी पांढरी तीन, सहावी पांढरी एक. तारा लागल्या की मोकळे सा आणि रे मूळ तुकड्याशी ताडून पाहीन. दुसऱ्या अंतऱ्यानंतरच्या तुकड्यात एक लांब मींड आहे. गिरणाकाठ दादा, तिचा सर्वांत खालचा सूर पांढरी दोनच्या जवळपास लागतो, म्हणजे ती पहिल्या तारेवरची नक्कीच नाही. ती दुसऱ्या तारेवरची की तिसऱ्या, हे ऐकून इथेच लिहितो.